राक्षसाचा जीव पोपटात: फॅन्टसीतले व्हिलन आणि त्यांच्या शापित वस्तू, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही सात-आठ जण बसतो, एका हातात पुस्तक, दुसऱ्यात कटिंग. नवीन कोणी आलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात आणि उत्तर देता देता माझा चहा गार होतो, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. स्पॉयलर भरपूर आहेत, आधीच सांगतोय, नंतर शिव्या घालायच्या नाहीत.

प्रश्न: व्हिलन लोक आपला जीव कुठल्यातरी वस्तूत का ठेवतात? एवढी पॉवर असून अक्कल नाही का?

अक्कल असते हो, पण मरणाची भीती अकलेला पुरून उरते. आपल्याकडे म्हणतातच ना, राक्षसाचा जीव पोपटात. आजी सांगायची तेव्हा सात समुद्रापलीकडे बेट, बेटावर झाड, झाडाला पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, आणि त्याची मान मुरगळली की इकडे राक्षस धाडकन खाली. प्रत्येक आजीचं बेट वेगळं, पोपट तोच.

ह्यातली एक गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच छापून आलीय आणि तिचा मुंबईशी संबंध आहे. सर बार्टल फ्रिअर इथले गव्हर्नर होते, १८६२ ते १८६७, ज्यांच्या काळात फोर्टाची तटबंदी पाडली ते. त्यांची मुलगी मेरी, जेमतेम विशीची, १८६५ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिणेकडे दौऱ्यावर गेली. छावणीत गप्पा मारायला दुसरी मडम नाही, वेळ जाता जाईना, मग सोबतच्या आयेकडून गोष्टी ऐकल्या आणि लिहून काढल्या. आयेचं नाव अ‍ॅना लिबराटा डिसोझा, आणि तिने त्या स्वतःच्या आजीकडून ऐकलेल्या. १८६८ ला लंडनमध्ये पुस्तक निघालं, 'ओल्ड डेक्कन डेज'.

त्यात पंचकिन नावाचा जादूगार आहे. त्याने बाल्ना नावाच्या राजकन्येला कोंडून ठेवलंय, तिचा मुलगा मोठा होऊन तिला शोधत येतो, मग ती जादूगाराला लाडीगोडी लावून विचारते की तुम्ही कधी मरतच नाही का हो. आणि हा बावळट सगळं ओकून मोकळा! लांब कुठेतरी घनदाट जंगल, जंगलात ताडांचं रिंगण, रिंगणाच्या मधोमध पाण्याच्या सहा घागरी एकावर एक, आणि सहाव्या घागरीखाली छोटासा पिंजरा, त्यात हिरवा पोपट. पोरगा जाऊन पोपट घेऊन येतो. एक पंख उपटतो, जादूगाराचा उजवा हात गळून पडतो, दुसरा उपटतो, डावा हात, मग पाय, आणि शेवटी मान. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ट्रेनमध्ये होतो, माटुंग्याला उतरायचं होतं, उतरलो सायनला. व्हिलनपेक्षा त्या पोपटाचंच वाईट वाटलं खरं तर, त्याने काय केलं होतं?

तर मुद्दा असा की जीव बाहेर काढून ठेवणं हा व्हिलनचा इन्शुरन्स असतो, आणि नेमका तोच त्याचा पत्ता होऊन बसतो. घागरीखाली लपवलेली गोष्ट कोणालातरी सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही.

प्रश्न: म्हणजे इंग्रजीवाल्यांनी आपली आयडिया ढापली?

नाही रे बाबा. रशियात कोशेई आहे, त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकच्या झाडाखाली, झाड बेटावर. लोककथांचा अभ्यास करणारे लोक गोष्टींच्या प्रकारांना नंबर देतात, ह्या प्रकाराचा नंबर ३०२, आणि तो बऱ्याच देशांत सापडतो. मरणाची भीती काय एकट्या आपल्याच आजीला माहीत होती का.

प्रश्न: मग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अंगठी पण पोपटच की?

अर्धी. हा आमच्या कट्ट्याचा लाडका विषय आहे, जरा सविस्तर सांगतो.

माझ्या हिशोबाने शापित वस्तू दोन टाईपच्या. पहिला पोपट टाईप: व्हिलनचा जीव त्यात आहे, तोडा आणि मोकळे व्हा. पोपट स्वतः काही करत नाही, पिंजऱ्यात पेरू खात बसतो. दुसरा अंगठी टाईप: वस्तू तुमच्या हातात आली की तुमच्यावर काम सुरू करते. तुम्ही ती वापरताय असं तुम्हाला वाटतं आणि वापर तुमचा चाललेला असतो.

टोल्किनने १९५४-५५ मध्ये तीन भागांत ती कादंबरी आणली तेव्हा हे दोन्ही टाईप एकत्र केले. व्हिलन सॉरॉनने स्वतःची बरीचशी ताकद त्या अंगठीत ओतलीय, ती एकाच ज्वालामुखीत वितळते आणि वितळली की तो संपला, म्हणजे पोपट झाला. पण हा पोपट बोलका आहे, जो पिंजरा उचलेल त्याच्या कानाला लागणारा. आणि बोलतो काय, तर ज्याला त्याला त्याच्याच मनातलं ऐकवतो. बोरोमिरला आपलं शहर वाचवायचंय, त्याला सैन्याची स्वप्नं पडतात. सॅम माळी माणूस, त्याला क्षणभर दिसतं काय, तर अख्खा ओसाड मुलूख त्याच्या हुकमाने बाग झालाय! त्याला कळतं की एवढी मोठी बाग आपल्याला नकोच, घरची छोटी बास, आणि तो सुटतो. जादूगार गॅन्डाल्फला फ्रोडो, म्हणजे ती अंगठी वाहून नेणारा हिरो, ती देऊ करतो तर तो ओरडतोच, कारण त्याला ती चांगल्या कामासाठीच वापरावीशी वाटेल आणि घोळ तिथेच आहे.

मला विचाराल तर अख्ख्या फॅन्टसीत हीच गोष्ट सगळ्यात कामाची आहे. शापित वस्तू व्हिलनबद्दल फार कमी सांगते. परीक्षा चांगल्या माणसांची चाललेली असते.

प्रश्न: गरुडावर बसून अंगठी ज्वालामुखीत का टाकली नाही? दोन तासांत काम झालं असतं.

हा प्रश्न विचारणाऱ्याने सगळ्यांसाठी वडापाव आणायचा असा नियम आहे.

पण आता खरं उत्तर देतो, कारण ह्याचं उत्तर त्या पोपटातच आहे. पंचकिनच्या गोष्टीत गरुड वापरलेत! पोरगा वाटेत गरुडाच्या दोन पिल्लांना सापापासून वाचवतो, मग ती पिल्लंच त्याला पंखांवर बसवून ताडांच्या रिंगणापाशी नेतात. जा, पिंजरा उचल, परत ये, डिलिव्हरी झाली. तिथे हे चालतं कारण पोपट कोणाला भुलवत नाही, प्रॉब्लेम फक्त अंतराचा आहे.

अंगठीचा प्रॉब्लेम अंतर नाहीच. शेवटी फ्रोडो त्या आगीच्या कडेला उभा राहतो, एवढा जीव काढून पोचलेला माणूस, आणि म्हणतो की नाही टाकणार, माझी आहे. अंगठीपायी वेडा झालेल्या गॉलमने त्याचं बोट चावून तोडलं आणि तोल जाऊन अंगठीसकट आत पडला म्हणून काम झालं, स्वतःहून ती कोणीच टाकली नसती. मग तिथे गरुडाने पोचा नाहीतर विरार फास्टने पोचा. शिवाय गरुड पण मोठे, बलवान, स्वाभिमानी जीव, अंगठी त्यांच्या कानाला लागणार नाही कशावरून?

प्रश्न: ती अंगठी पहिल्यापासून एवढी डेंजर होती का?

अजिबात नाही आणि हे कळलं तेव्हा मला जाम मजा वाटली होती. १९३७ ला टोल्किनचं आधीचं पुस्तक 'द हॉबिट' आलं तेव्हा ती नुसती गायब व्हायची अंगठी होती, परीकथेत असते तशी. त्यातला हिरो बिल्बो कोडी जिंकला की गॉलम ती बक्षीस म्हणून द्यायला निघतो, सापडत नाही तर माफी बिफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. सज्जन माणूस! मग पुढची कादंबरी लिहिताना टोल्किनच्या लक्षात आलं की ही वस्तू असली तर तो असा सहजासहजी द्यायला निघणारच नाही. १९५१ च्या आवृत्तीत त्याने ते प्रकरणच बदललं आणि गॉलम चोर चोर म्हणून किंचाळायला लागला. आणि जुन्या आवृत्तीचं स्पष्टीकरण काय दिलं, तर बिल्बोने आधी थाप मारली होती. आता आपली अंगठी कायदेशीर ठरवायला माणूस थापा मारायला लागला म्हणजे ती डेंजर आहे हेही आपोआप सिद्ध झालं. लेखकाची चूक निस्तरता निस्तरता एवढं भारी निघालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

अजून एक, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका चाहत्याने टोल्किनला स्टीलचा पेला पाठवला, त्यावर अंगठीवरच्या त्या भयंकर ओळी कोरलेल्या. म्हातारबुवांनी त्यातून पाणी प्यायलं नाही ते नाहीच, पाईपची राख झाडायला ठेवला.

मराठीत वाचायचं असेल तर मुग्धा कर्णिकांचा अनुवाद आहे, 'स्वामी मुद्रिकांचा'. मुद्रिका हा शब्द मला आधी जड वाटला होता, पण अंगठी म्हटलं की साखरपुडा आठवतो हेही खरंच.

प्रश्न: सॉरॉन कादंबरीत समोर येतच नाही, मग तो व्हिलन कसला?

तोच तर खरा. हजार पानांत एकदाही समोर येऊन डायलॉग मारत नाही. दिसतात ती त्याची माणसं, त्याचा धूर, त्याचा डोळा. सोसायटीतला न दिसणारा चेअरमन कसा, नोटीस रोज लागते, माणूस लिफ्टमध्ये कधी भेटत नाही. जो व्हिलन पाचव्या पानावर येऊन हा हा हा करतो त्याची मापं आपण लगेच काढतो.

आणि त्याची हार कशात आहे बघा. ही अंगठी कोणी वापरेल ह्याची त्याला भीती आहे, पण हातात आलेली कोणी नष्ट करायला निघेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. स्वतः कधी काही सोडलं नाही ना, मग दुसरा सोडेल हे सुचणार कसं.

प्रश्न: हॅरी पॉटरमधल्या व्होल्डेमॉर्टच्या सात तुकड्यांपैकी बेस्ट कुठला?

डायरी. ह्यावर कट्ट्यावर भांडणं झालीत, पण मी हलणार नाही.

हॉरक्रक्स, म्हणजे त्याने आपल्या आत्म्याचा एकेक तुकडा जिथे ठेवलाय ते, म्हणजे पोपटच, एकाचे सात केलेले: डायरी, अंगठी, लॉकेट, कप, मुकुट, नागिनी, आणि त्याला स्वतःलाच माहीत नसलेला सातवा म्हणजे हॅरी. ह्यातल्या कप आणि मुकुटाचा मला कंटाळा येतो, ते नुसते शोधायचे आणि फोडायचे, मुंबई दर्शनच्या बसमधून स्पॉट बघत गेल्यासारखं. लॉकेट चांगलं आहे. हॅरी, रॉन, हर्मायनी तिघं पाळीपाळीने गळ्यात घालतात, ज्याची पाळी त्याचा पारा चढतो, आणि रॉन तर भांडून निघूनच जातो. पण डायरी! १९९८ च्या दुसऱ्या भागातली ती साधी काळी कोरी डायरी, तिच्यात काही लिहिलं की शाई आत जाते आणि उत्तर उमटतं. अकरा वर्षांची एकटी पडलेली पोरगी, घरात सहा भाऊ, कोणी ऐकून घेत नाही, आणि एक वही तिचं सगळं ऐकून घेते, टोकत नाही, समजून घेते. हल्लीच्या पोरांना हे जास्त कळतं, त्यांच्या हातात रात्री दोन वाजेपर्यंत अशीच उत्तर देणारी वस्तू असते.

सात तुकडे कोणी कोणी नष्ट केले तेही बघा, हॅरी, डम्बलडोर, रॉन, हर्मायनी, नेव्हिल, एक तर क्रॅबने लावलेल्या आगीत जळाला, आणि हॅरीतला तुकडा खुद्द व्होल्डेमॉर्टनेच मारला. एका हिरोने सगळं नाही केलं, हे मला आवडतं.

प्रश्न: शापित वस्तू दिसायला कशी असावी? कवटी, लाल खडा, धूर वगैरे?

असली वस्तू मी तरी हातात घेणार नाही, तुम्ही घ्याल? ज्या काठीच्या मुठीला कवटी आणि डोळ्यांत लाल दिवे, ती उचलणारा माणूस आधीच वाया गेलेला असतो, त्याची गोष्ट काय सांगायची. गणपतीत चौपाटीला मिळणारी लाल शिंगं घालून कोणी राक्षस होत नाही.

वाईट वस्तूने आधी चांगलं काम करून दाखवायला हवं, मग घात. अंगठी खरंच गायब करते, डायरी खरंच मैत्री करते. १९५० च्या नार्नियाच्या गोष्टीत व्हाईट विच एडमंडला काय देते, तर टर्किश डिलाईट, मिठाई! बाहेर बर्फ, पोरगा गारठलेला, रुसलेला, आणि पेटीभर मिठाई अशी की खाल्ली की अजून हवी. तिथे तलवार उपसली असती तर तो पळाला असता. मिठाईसाठी त्याने भावंडांचा पत्ता सांगितला.

'तुंबाड' पाहिला असेल, २०१८ चा, तो हिंदी आहे पण माणसं आपलीच. हस्तर नावाच्या शापित देवाच्या लंगोटातून पडलेली सोन्याची नाणी, एका खेपेला मूठभर मिळतात आणि ती बाजारात खरीच चालतात. खोटी असती तर ती आणायला जाणारा विनायक एकदाच गेला असता.

प्रश्न: तलवारीचं काय? तलवार कशी काय वाईट असेल?

मूरकॉकचा एल्रिक वाचा, १९६१ पासूनच्या गोष्टी. राजा अशक्त, औषधांवर जगणारा, आणि त्याची काळी तलवार ज्यांना मारते त्यांचा आत्मा पिऊन त्याला ताकद देते. ठेवली तर आपली माणसं मरतात, टाकली तर आपण उठू शकत नाही. दारूचं व्यसन घरात पाहिलंय त्याला वेगळं समजवायला नको. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाईम' मालिकेच्या १९९० च्या पहिल्या भागात पण खंजीर आहे, ओसाड शहरातून मॅट गुपचूप उचलतो. आणि पुढे रोज थोडा थोडा संशयी होत जातो. लोकांना मॅट मूर्ख वाटतो, मला नाही वाटत, त्याचं कारण शेवटी कळेल.

प्रश्न: आपल्या पुराणांत असं काही नाही का? सगळं गोऱ्यांचंच?

अरे, चतुर्थीला चंद्र बघायचा नाही म्हणतात त्यामागे कुठली गोष्ट आहे? स्यमंतक मणी. सूर्याने सत्राजिताला दिला, रोज आठ भार सोनं देणारा. त्याचा भाऊ प्रसेन गळ्यात घालून शिकारीला गेला, सिंहाने प्रसेनाला मारलं, सिंहाला जांबवंताने मारलं आणि मणी घरी नेऊन पोराला खेळायला दिला. (अख्ख्या गोष्टीत मण्याचा बरोबर उपयोग करणारा हा एकटा.) इकडे आळ आला कृष्णावर. कृष्णाने शोधून आणला, परत केला, सत्राजिताने लाजून सत्यभामा दिली, तरी संपलं का? शतधन्व्याने मण्यासाठी सत्राजितालाच झोपेत मारलं. मणी वाईट नाही, त्याला स्वतःला काही नको आहे, पण ज्याच्या हातात जाईल त्याच्या घरात मयत. आणि देवावरसुद्धा चोरीचा आळ आणायची ताकद दुसऱ्या कुठल्या वस्तूत आहे सांगा.

शकुनीचे फासे बापाच्या हाडांचे होते ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते पण व्यासांच्या महाभारतात ती नाही, लोककथांतून आलीय. तिथे शकुनी नुसता कसलेला लबाड खेळाडू आहे. मला हाडांचे फासेच जास्त आवडतात, कारण मग त्याचा राग समजतो, कुरुकुळ खलास करायला बापानेच स्वतःची हाडं दिलेली. लोकांनी व्यासांच्या गोष्टीत एक वस्तू घातली आणि एका लबाड मामाचा ट्रॅजिक व्हिलन झाला.

प्रश्न: मराठीत फॅन्टसी आहे का? की फक्त अनुवाद?

मराठी कादंबरीची सुरुवातच जवळजवळ तिथून आहे. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. अद्भुतरम्य म्हणायचे त्यांना, आणि नंतर सामाजिक कादंबरी आल्यावर लोक नाकं मुरडायला लागले. नाथमाधवांचं 'वीरधवल' आमच्या आजोबांच्या पिढीने अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचलं. मग 'चांदोबा', त्यातले दाढीवाले मांत्रिक. आणि नारायण धारप, ते भयकथावाले म्हणून ओळखले जातात पण त्यांच्या 'समर्थ'च्या गोष्टींतलं वाईट हे नेहमी कुठल्यातरी जागेत नाहीतर वस्तूत घर करून बसलेलं असतं, आणि ते काढायला तलवार चालत नाही, शांत डोक्याचा माणूस लागतो.

हॅरी पॉटरचा पहिला भाग मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' झाला. परीस! नुसत्या त्या शब्दाने कसं आपल्या घरातलं वाटतं.

प्रश्न: व्हिलन नेहमी काळा, कुरूप, नाहीतर लंगडा का?

आळस. आणि नुसता आळस म्हणून सोडून देता येत नाही. ह्याच मुंबईत १९६७ ला 'अमर चित्र कथा' सुरू झाली, आमची अख्खी पिढी तिच्यावर वाढली, आणि त्यात देव गोरेगोमटे नाहीतर निळे, राक्षस सावळे, केसाळ, दात बाहेर. टोल्किनच्या ऑर्क लोकांवरही हाच आक्षेप घेतला जातो आणि तो बरोबर आहे असं मी म्हणेन, पुस्तक कितीही लाडकं असलं तरी. आमच्यातली एकजण म्हणाली होती, "शाळेच्या नाटकात मला दर वर्षी शूर्पणखाच मिळायची, सीता कधीच नाही, रंग बघून." त्यानंतर ह्या विषयावर कट्ट्यावर कोणी जोक मारत नाही.

प्रश्न: व्हिलन मारायच्या आधी एवढं भाषण का देतो?

नाहीतर हिरो सुटणार कसा. पुढचा प्रश्न.

प्रश्न: हे वाचून पोरं अंधश्रद्धाळू होतील का? करणी, भानामती वगैरे खरं मानतील.

एका काकूंनी अगदी काळजीने विचारलं होतं. मी म्हटलं काकू, तुमच्या दारावर लिंबू-मिरची आहे, समोरच्या टॉवरच्या बांधकामावर काळी बाहुली लटकतेय, नाक्यावर उतारा ठेवलेला दिसला की तुम्ही पोराचा हात ओढून बाजूने नेता. त्याला शापित वस्तू पुस्तकातून कळायची गरज आहे का? पुस्तकात निदान माहीत असतं की हे रचलेलं आहे. बाहेर त्याच कल्पनेवरून बायकांना चेटकीण ठरवून मारलं जातं, भोंदू बाबा पैसे उकळतात, आणि त्याच्याविरुद्ध कायदा यायला २०१३ साल उजाडलं, तेही ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाल्यावर. माझा अनुभव असा की गोष्टीतला मांत्रिक बारकाईने वाचलेलं पोरगं खऱ्या मांत्रिकाची ट्रिक लवकर ओळखतं. काकूंना पटलं नाही. पुस्तक मात्र घेऊन गेल्या.

प्रश्न: बाहेरचा व्हिलन नसलेली फॅन्टसी असते का?

अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. पोरगा शायनिंग मारायला जातो आणि स्वतःच एक सावली मोकळी सोडतो, मग अख्खं पुस्तक तिच्यापासून पळतो आणि नंतर तिच्यामागे. तिचं नाव काय आहे ते सांगत नाही. हा एकच स्पॉयलर मी देत नाही.

प्रश्न: मला स्वतःला लिहायचंय. शापित वस्तू कुठून आणू?

चोर बाजारातून. मस्करी नाही करत. मटन स्ट्रीटला जा, ग्रामोफोनचे भोंगे, जहाजाचे दिवे, कोणाच्यातरी लग्नाचे फ्रेम केलेले फोटो, आणि प्रत्येक वस्तू कोणाच्यातरी घरातून बाहेर पडलेली आहे. एक उचला आणि विचार करा की ही का विकावी लागली. तुमची गोष्ट सुरू.

मी तिथून एकदा एक अंगठी घेतली होती. दोनशे रुपये, पितळेची असावी, वर घासून गेलेली नक्षी, अक्षरं म्हणावीत तर नाहीत. सहज घातली. घरी येईपर्यंत बोट सुजलं, जूनचा उकाडा होता, निघेना. साबण लावला, खोबरेल लावलं, आईने दोरा गुंडाळून ओढायचा तो प्रकार करून पाहिला, मी बोंबललो. दुसऱ्या दिवशी बोट जांभळं, मग गल्लीतल्या सोनाराकडे. त्याने एकदा बघितलं, छोटी गोल करवत काढली आणि म्हणाला, "कापावी लागेल."

आणि खरं सांगतो, माझ्या तोंडून निघालं, "थांबा जरा, दुसरं काही नाही का होणार?"

दोनशे रुपयांची पितळेची अंगठी, एक दिवस घातलेली, बोट काळं पडायला आलेलं, आणि मला ती कापायला द्यायची नव्हती. सोनार हसला, त्याला सवय असावी. म्हणाला सगळे हेच म्हणतात. दहा मिनिटं मी त्या स्टुलावर बसून त्याच्याशी हुज्जत घातली की जरा बर्फ लावून बघू. त्या दिवसापासून मॅटला मूर्ख म्हणणं सोडलं.

प्रश्न: मग कापली की नाही? कुठाय ती?

कापली. आईच्या बटणांच्या डब्यात आहे, दोन ठिकाणी वाकलेली. नाही, दाखवायला आणणार नाही. आणि विकायची पण नाहीये, दर रविवारी विचारू नका.